यूट्यूब पळतं, सातबारा अडतो

उमरग्यासारख्या गावात आता घरोघरी फायबर आलंय आणि त्याबरोबर ही तक्रारही: राउटरचे दिवे हिरवे, यूट्यूब झकास, पण महाभूलेख नाहीतर बँकेचं पान नुसतं गरगरत राहतं.

आधी मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तेच पान उघडा. तिथंही अडलं तर बहुधा साइटच बसलीय. सरकारी साइट असेल तर नवल नाही. डेटावर उघडलं, तर खोट घरच्या जोडणीत. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं.

नाही भागलं तर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाची कमाल मर्यादा, तपासा. याकडे सहसा कुणाचं लक्षच जात नाही. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. युजरनेम-पासवर्डवर चालणारं पीपीपीओई त्यातले ८ खातं, उरतात १४९२. त्याहून मोठं पाकीट अडलं, की ‘लहान करून पाठवा’ असा निरोप साइटच्या सर्व्हरकडे उलट जायला हवा. वाटेतल्या फायरवॉलनं तो गिळला, तर सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. राउटरमध्ये एमटीयू १४९२ करा. तरी अडलं तर १४५२, १४००.

केबलवाला फोनवर ‘रिसेट मारा’ म्हणाला, तर टाचणीनं दाबायच्या भोकाला हात लावू नका. त्यानं पासवर्डसकट सगळं पुसलं जातं. बटण बंद-चालू करणं पुरे.