लांब पल्ल्याची एअर रायफल : ताकदीआधी नळी महत्त्वाची

एअर रायफलने लांबवर अचूक नेम साधण्यासाठी नेहमीच्या छऱ्याऐवजी गोळीसारखा दंडगोलाकार स्लग वापरला जातो. छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा भाग पोकळ असतो. त्यामुळे हवेचा रोधच त्याला सरळ ठेवतो. मात्र वेगही लवकर घटतो. स्लगला हवेचा रोध कमी होतो आणि वाऱ्याने तो कमी ढळतो. पण त्याचे स्थैर्य नळीतील आट्यांनी दिलेल्या गिरकीवर अवलंबून असते.

म्हणूनच रायफल निवडताना आट्यांचा पीळ स्लगच्या लांबीला पुरेसा आहे का आणि स्लग नळीत नेमका बसतो का, हे प्रथम तपासणे आवश्यक ठरते. प्रत्येक बाराचा वेग सारखा राखणारा रेग्युलेटरही तितकाच महत्त्वाचा असतो.

भारतात कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मि.मी.हून मोठी नळी किंवा २० ज्यूलहून अधिक ऊर्जा असलेल्या एअर रायफलसाठी परवाना लागतो. ५.५ मि.मी. व्यासाचा दीड ग्रॅमचा स्लग सेकंदाला २८० मीटर वेगाने सुटल्यास त्याची ऊर्जा सुमारे ५९ ज्यूल भरते. त्यामुळे अशी रायफल खरेदी करण्यापूर्वीच परवाना मिळवणे अनिवार्य ठरते.