दम धरा! फुफ्फुसात ‘फ्रेंडली फायर’ सुरू आहे

दिवसाला साधारण 10 हजार लिटर हवा आपण आत ओढतो. धूळ, धूर, परागकण, जंतू हे त्यावरचं फ्री गिफ्ट! ते निस्तरायला मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी चोवीस तास ड्यूटीवर. सिगरेटवाल्यांच्या मॅक्रोफेज तर धूर गिळून गिळून चक्क तपकिरी होतात.

पण माहीत आहे का? सीओपीडीत (श्वासाची वाट कायमची अडवणारा फुफ्फुसांचा आजार) फुफ्फुसांची वाट लावण्यात आपल्याच इम्यून सिस्टिमचा मोठा हात! धूर आला की न्यूट्रोफिल पेशींची फौज धावते. (बोन मॅरोत त्या रोज 10 हजार कोटींच्या आसपास तयार होतात. होय, कोटी!) त्यांचं हत्यार म्हणजे इलॅस्टेज हे एन्झाइम. ते जंतूंसोबत फुफ्फुसांचं ‘इलॅस्टिक’ही कापत सुटतं. सिगरेट सोडली तरी हा दंगा लगेच शमत नाही, हे तर फारच वैतागवाणं.

या इलॅस्टेजला वेसण कोण घालतं? लिव्हर! तिथे बनणारं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रोटीन रक्तातून फुफ्फुसात पोचतं. 1963, स्वीडनचं माल्मो. कार्ल-बर्टिल लॉरेल रक्ततपासणीच्या पट्ट्या बघत होते, तर काहींवर या प्रोटीनची रेघच गायब! स्टेन एरिक्सनना सोबत घेऊन छडा लावला. अशा पाच पेशंटपैकी तिघांना एम्फिसीमा (फुफ्फुसांतल्या हवेच्या पिशव्या नासण्याचा, सीओपीडीतला एक प्रकार) निघाला. आणि सिगरेटचा धूर? तो असलेलं प्रोटीनही निकामी करतो. डबल धमाका!

प्रोटीन कापणारं एन्झाइम फुफ्फुसांची वाट लावतं, याचा पुरावा दिला कुणी? पपईने! मटण मऊ करणारं चिकातलं पपेन 1960च्या दशकात उंदरांच्या फुफ्फुसात सोडलं, आणि एम्फिसीमा हजर.

दम्यात बऱ्याचदा व्हिलन वेगळा: इओसिनोफिल. या पेशी फुटल्या की दोन्ही टोकांना अणकुचीदार क्रिस्टल तयार होतात. डॉक्टरांना ते 19व्या शतकापासून ठाऊक होते. ते स्वतःच सूज भडकवतात, हे मात्र उंदरांवरच्या प्रयोगांत 2019 मध्ये दिसलं!

वादळाने दमा? मेलबर्न, 21 नोव्हेंबर 2016. गवताचे परागकण वादळात फुटले, काही तासांत हजारो लोक हॉस्पिटलात. दहा जण दगावले.

‘मी कुठे सिगरेट ओढतो?’ थांबा! पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिगरेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लिहिलं. चुलीचा धूर त्यातला बडा आरोपी. आणि डासांची कॉइल? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगरेटींएवढे, असं 2003च्या एका अभ्यासाचं मोजमाप.

आता सांगा, घरातली मच्छरदाणी कुठे ठेवली आहे, माहीत आहे का?