चरबी ‘कापणारे’ पदार्थ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. पण क्ष-किरणांच्या तंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी स्वतःचा देहच पुरावा म्हणून मांडला होता. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसून आलं. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी भरली, पण चरबी मात्र फारशी कमी नव्हती. काट्यावर बारीक आणि आतून चरबीवान, अशी आपली सर्वसाधारण ठेवण.

म्हणून ‘वजन काही फार नाही, पोट तेवढं सुटलंय’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य बोलणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा गंभीर असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत आढळला, पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत. त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते. यकृत आणि आतड्यांभोवती साठलेली धरता येत नाही, आणि मधुमेह, हृदयविकार यांच्याशी नातं जुळतं ते मुख्यतः तिचं. गरज एवढी मोठी असल्यावर उतारा सांगणाऱ्यांची चलती होणारच.

‘सकाळी उपाशीपोटी मध-लिंबूपाणी घेतलं की चरबी कापली जाते’

भांड्यावरचा तेलकटपणा लिंबाने निघतो, तसा पोटावरचाही निघेल, असा यामागचा सरळ हिशेब दिसतो. पण जठरात लिंबापेक्षा कितीतरी जहाल आम्ल मुळातच असतं, आणि त्यानेही कुणाचं पोट उतरलेलं नाही. पोटात गेलेलं लिंबू आणि पोटावर साठलेली चरबी यांची कधी गाठच पडत नाही. मधाचा एक मोठा चमचा म्हणजे साठेक कॅलरी, आणि त्या साखरेच्याच.

चरबी वितळून मलमूत्रावाटे जाते, हाही एक समज. ती जाते मुख्यतः श्वासावाटे. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्याचं गणित मांडलं: दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. ती जळायची वेळ येते ती शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी पडली तरच. मग चरबी कुठून उचलायची, दंडावरून, मांडीवरून की पोटातून, हे ठरवतात आनुवंशिकता, संप्रेरकं, वय आणि लिंग. ‘तेवढी पोटावरची काढ’ अशी फर्माईश अन्नाला करता येत नाही, तशी व्यायामालाही करता येत नाही. १९८४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात तरुणांकडून २७ दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स काढून घेतल्या होत्या. पोटावरच्या चरबीपेशी बाकीच्या अंगावरच्यांपेक्षा जास्त आकसल्या नाहीत.

तरी एखाद्याला मध-लिंबाने ‘फरक पडतो’, तो का? तो आधी सकाळी दोन कप साखरेचा चहा आणि चार खारी घेत होता, ते सुटलं म्हणून. श्रेय मात्र लिंबाला.

‘जिऱ्याचं, ओव्याचं पाणी पोट सपाट करतं’

करतं की, संध्याकाळपुरतं. ओव्याने गॅस सरतो, पोटाची तडस कमी होते आणि पँटचं बटण सुखाने लागतं. फुगलेलं पोट आणि सुटलेलं पोट या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर ओवा चांगला. कुठलंही ‘डिटॉक्स’ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झपकन उतरतात, तीही बव्हंशी चरबी नसते. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं, जेवण पूर्ववत झालं की परत येतं.

‘पण यावर तर संशोधन झालेलं आहे’

आजीच्या नावाने सांगितलेला उपाय निदान फुकट असतो. प्रयोगशाळेचा शिक्का मारून आलेले उपाय खिशालाही कात्री लावतात.

ग्रीन कॉफी घ्या. २०१२ साली बंगळुरूत झालेल्या एका चाचणीत तिच्या अर्काने भराभर वजन उतरल्याचं छापून आलं, अमेरिकन टीव्हीवर तिचा गाजावाजा झाला, गोळ्यांची विक्री धो धो सुरू झाली. चाचणीत माणसं होती १६. पुढे त्यातल्या नोंदींमध्येच फेरफार झाल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला, चाचणीला पैसे पुरवणाऱ्या कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले आणि २०१४ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. आपल्याकडची ग्रीन कॉफीची पाकिटं काही कुणी मागे घेतली नाहीत.

अ‍ॅपल सायडर व्हिनेगरचीही तीच कथा. २०२४ मध्ये लेबनॉनमधल्या एका अभ्यासाने बारा आठवड्यांत सहा-आठ किलो घटल्याचं सांगितलं, जगभर मथळे झाले. आकडेवारी पटण्याजोगी नाही म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये तो निबंधही रद्द झाला. त्याआधीचा, २००९ चा जपानी अभ्यास जरा बरा होता. त्यात बारा आठवड्यांत एक ते दोन किलो उतरले. तो केला होता व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी, हे ध्यानात ठेवून वाचावा. दातांचं एनॅमल झिजतं ते वेगळं.

ग्रीन टीवरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये निष्कर्ष काढला की वजनातली घट नगण्य आहे. कपभर पिण्यात काही वावगं नाही, पण तिच्या अर्काच्या गोळ्यांमधल्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला.

आणि आपलं कोकम! त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी ही कोकमाची भाऊबंद. तिच्यातलं हेच आम्ल काढून ‘गार्सिनिया’ या नावाने गोळ्या विकल्या जातात. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर त्यांची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, जेवण सगळ्यांचंच बेताचं. खरी गोळी घेणारे सरासरी ३.२ किलोंनी उतरले, खोटी घेणारे ४.१ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता, पण गोळीची बाजू घ्यायला कुणाला जागाही उरली नाही. सोलकढी प्यावी ती सोलकढीसाठी. कोकणातल्या उन्हाळ्यात तिला दुसऱ्या प्रमाणपत्राची गरज नाही.

‘दुधीचा रस अगदी निर्धोक’

सकाळी बागांबाहेर दुधी, कारली, गव्हांकुर यांचे रस पेल्याने विकले जातात. दुधीच्या रसाने चरबी जात नाही, आणि तो नेहमी निर्धोकही नसतो. कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. तिच्या रसाने रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने यावर स्पष्ट सूचना दिल्या: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. दुधी चिरताना टोक चाखून बघायची जुन्या स्वयंपाकघरातली सवय इथे लाखमोलाची ठरते. गाडीवरच्या पेल्यात आलं, पुदिना आणि काळं मीठ घातल्यावर कडूपणा कळणार कसा?

‘भात सोडा, भाकरी खा, पोट जाईल’

ज्वारीचं पीठ काय, गव्हाचं काय, तांदूळ काय, १०० ग्रॅममागे सगळ्यांत सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरी. भाकरीने वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. तीन पोळ्यांच्या जागी एक भाकरी आली, ती चावून खावी लागते, सोबत पालेभाजी आणि पिठलं येतं, त्याचा तो गुण. भाकरीवर लोण्याचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी तेलात भिजवून घेतली, तर हिशेब पुन्हा होता तिथे. भाताचा दोष एवढाच की तो पटकन गिळला जातो आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना कुणी मोजत नाही.

उपासाच्या साबुदाण्याबद्दल मात्र आपण सोयीस्कर गप्प असतो. तो म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे.

‘दोनदाच जेवा’ की ‘दर दोन तासांनी खा’?

दोनदाच जेवायला सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि दर दोन तासांनी खायला सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या अनुयायांमधला हा वाद महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीतही रंगला. खाण्याची वेळ बांधून घेतल्याने काय होतं, यावर चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला: सगळ्यांना कॅलरी कमी, त्यात निम्म्यांना खायची मुभा फक्त सकाळी आठ ते दुपारी चार. वजन आणि कंबर किती उतरली, यात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. घड्याळाने ज्याचं चरणं थांबतं, त्याने घड्याळ पाळावं. इतकंच.

‘म्हणजे काहीही खा, पोटाला फरक पडत नाही’

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा. पोट उतरवणारा पदार्थ नसला, तरी पोट वाढवण्यात काही पदार्थ बाकीच्यांपेक्षा वाकबगार आहेत, आणि याचे पुरावे गार्सिनियापेक्षा कितीतरी भक्कम आहेत.

२०१४ साली स्वीडनमध्ये ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणावर मुद्दाम मफिन खायला घातले. निम्म्यांचे पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफूल तेलातले. वजन दोघांचंही सारखंच वाढलं, सरासरी १.६ किलो. पण पाम तेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी अधिक साठली, तर सूर्यफूलवाल्यांच्यात स्नायू जास्त वाढले. तेवढ्याच कॅलरी, पण साठवणीची जागा वेगळी. अमेरिकेत माकडांना सहा वर्षं मोजून-मापून अन्न दिलं. ज्यांच्या अन्नात ट्रान्स फॅट होतं, त्यांचं वजन जास्त वाढलं आणि चरबी पोटाकडे सरकली. वनस्पती तुपातून वर्षानुवर्षं आपल्या पोटात गेलं ते हेच. भारतात त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणायचा नियम लागू व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. पामोलिन मात्र बिस्किटं, खारी, टोस्ट, पाकीटबंद शेव-फरसाण अशा सगळ्यांत आजही आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली की दिसतं.

साखरेचंही तसंच. २००९ सालच्या अमेरिकेतल्या प्रयोगात दहा आठवडे एका गटाला ग्लुकोजचं पेय दिलं, दुसऱ्याला फ्रुक्टोजचं. वजनं सारखीच वाढली, पण आतली चरबी वाढली ती प्रामुख्याने फ्रुक्टोजवाल्यांची. आपल्या साखरेत निम्मा वाटा फ्रुक्टोजचाच असतो, आणि गुळातही मुख्यतः तीच साखर. ‘आम्ही गुळाचा चहा घेतो’ हे समाधान यकृताला कळत नाही. अख्ख्या पेरूची किंवा संत्र्याची भीती नको. चिंता आहे ती थंड पेयांची, पाकिटातल्या रसाची आणि दिवसातून पाचदा होणाऱ्या गोड चहाची.

मदत करणाऱ्यांतही एक नाव बऱ्यापैकी टिकून आहे, ते म्हणजे पाण्यात विरघळणारे तंतू: राजमा, वाटाणा, ओट्स, भेंडी, पेरू. अमेरिकेत हजारावर लोकांची पाच वर्षं पाहणी केली, तेव्हा असे तंतू रोज १० ग्रॅम जास्त खाणाऱ्यांत आतली चरबी साठण्याचा वेग ३.७ टक्क्यांनी कमी आढळला. हा परस्परसंबंध आहे, चमत्कार नव्हे. अशाच तंतूंच्या इसबगोलाला हल्ली ‘नैसर्गिक ओझेंपिक’ म्हणून विकतात, ती मात्र शुद्ध थाप आहे. ओझेंपिक या मधुमेहाच्या इंजेक्शनमधल्या सेमाग्लुटाइडने, वजनासाठीच्या मोठ्या मात्रेत, ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. इसबगोलाने पोट साफ होतं.

नवं काही आणून प्यायच्या आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा. पँटचा नंबर खरा मानू नका. पोट वाढेल तशी पँट त्याच्या खाली घसरते आणि नंबर वीस वर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं, तर वजन कितीही ‘नॉर्मल’ असो, रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि मधुमेहाची औषधं चालू असतील, तर व्हिनेगर, उपास किंवा कसलाही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.