जमिनीची प्रतबंदी आणि शेतसाऱ्याचा आकार

दोन भावांनी वडिलोपार्जित साडेचार एकरांचा एक नंबर वाटून घेतला, असे समजू. नंबरातील वीस गुंठे ओढ्याकाठचा पोटखराबा वजा जाता लागवडीचे चार एकर उरले आणि दोघांच्या वाट्याला दोन-दोन एकर आले. हिस्से पडले, आकारफोड झाली, नवे उतारे हाती आले. पाहतात तो थोरल्याच्या उताऱ्यावर आकार ३ रुपये २५ पैसे व धाकट्याच्या उताऱ्यावर १ रुपया २५ पैसे! क्षेत्र सारखे, बांध एक, मग सारा अडीच पटींहून अधिक का, म्हणून थोरला भाऊ तलाठ्याकडे तक्रार घेऊन येतो. तलाठी (२०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे) आकारबंदाकडे बोट दाखवितो. परंतु आकारबंदात केवळ आकडा असतो. तो कसा आला हे तेथे लिहिलेले नसते. गावपातळीवरील कार्यकर्त्यास हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सबब, आकाराचा आकडा कोणत्या रीतीने सिद्ध झाला, हे त्यास माहीत असणे अगत्याचे आहे.

आजच्या मानाने ही रक्कम अगदी किरकोळ आहे, हे खरे. परंतु आकाराचा उपयोग केवळ सारा वसूल करण्यापुरता कधीच नव्हता. जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांचे उपकर या रकमेच्या पटीत बसतात. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याखाली १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषकदिनी, जी कुळे जमिनीची मालक झाली, त्यांनी द्यावयाची किंमत आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान ठरवावयाची होती. आणि कुळाने द्यावयाचा खंडही आकाराच्या पाचपट किंवा एकरी वीस रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल तिच्यावर जाऊ शकत नव्हता. आण्या-पैशांतील या आकड्याने अनेक कुटुंबांचे नशीब ठरविले आहे.

हा आकडा पहिल्याने नीट बसला तो पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात. त्यापूर्वी तेथे एक प्रयोग फसला होता. पेशवाईच्या अखेरीनंतर प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न, त्यातून वजा जाता मशागतीचा खर्च आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा पंचावन्न सरकारचा वाटा, असा हिशोब मांडला. कागदावर हिशोब चोख होता. परंतु मोजणीत चुका राहिल्या, उत्पन्नाचे अंदाज फुगले, हाताखालच्या नोकरांनी लाच घेऊन प्रती वरखाली केल्या, आणि शेतकऱ्यांना सारा झेपेना. जमिनी पडीक पडल्या. पुष्कळ कुटुंबे गाव सोडून गेली. १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी त्या तालुक्याचे काम नव्याने हाती घेतले व १८३६ पासून नवे, हलके दर तीस वर्षांच्या मुदतीने लागू झाले. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली येऊ लागल्या. या अनुभवावरून १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी जे संयुक्त प्रतिवृत्त लिहिले, त्यातील नियमांवर जुन्या मुंबई इलाख्यातील पाहणी व जमाबंदी उभी राहिली. वऱ्हाडातही बहुतांशी हीच पद्धत गेली. नागपूरकडील मालगुजारीच्या मुलखातील पद्धत मात्र निराळी होती. तिचा विचार येथे केलेला नाही.

या पद्धतीत दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवल्या आहेत. एका तालुक्याने किंवा गावांच्या गटाने एकूण किती सारा द्यावा, हा एक प्रश्न. आणि तो गटातील शेतांवर कसा वाटावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मागील वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजारपेठ, रस्ते, भाव व शेतीची एकंदर स्थिती पाहून दिले जाई आणि त्यावरून गटासाठी एकरी कमाल दर ठरे. दुसऱ्याचे उत्तर जमीन खणून मिळे. प्रिंगलने दोन्ही प्रश्न एकाच हिशोबाने सोडवू पाहिले, तेथेच त्याचा घोटाळा झाला.

मोजणी तेहतीस फुटी साखळीने होई. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, व चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीनंतर प्रतबंदी करणारा कामगार नंबराचा कच्चा नकाशा काढून त्याचे साधारण सारखे भाग पाडी आणि प्रत्येक भागात खणून दोन गोष्टी पाही: माती कोणत्या जातीची आहे, आणि खाली मुरूम अगर खडक लागेपर्यंत तिची खोली किती हात आहे. मातीच्या तीन जाती मानल्या होत्या. बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी माती ही पहिली. एकसारख्या पण काहीशा जाड पोताची, फिकट रंगाची, बहुधा तांबूस माती ही दुसरी. खड्याळ, मुरमाड अथवा भुसभुशीत, भुरकट माती ही तिसरी.

पहिल्या जातीची माती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, किंवा त्याहून खोल असेल तर ती पहिली प्रत. तिची किंमत सोळा आणे. त्यानंतर प्रत्येक पाव हात खोली कमी झाली की प्रत एकीने खाली जाई. एकूण नऊ प्रती होत्या व त्यांची किंमत अनुक्रमे १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ आणि २ आणे धरलेली होती. तांबूस माती कितीही खोल असली तरी दुसऱ्या प्रतीच्या वर जात नसे, आणि मुरमाड माती फार तर सहाव्या प्रतीपर्यंत पोहोचे. याखेरीज सात दोष धरले होते: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, कणांत चिकटपणा नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली जाण्याचे भय, आणि उपळ. दोष आढळला की ती जागा एका प्रतीने उतरे, दोन दोष असतील तर दोन प्रतींनी. प्रत्येक दोषास एक खूण होती व ती नकाशातील त्या भागात भरली जाई. गावापासून शेत लांब असेल तर खत वाहून नेण्याचा त्रास ध्यानी घेऊन काही सूटही मिळे. भाताच्या व बागायतीच्या जमिनींना पाण्याच्या सोयीप्रमाणे निराळे कोष्टक होते आणि कोकणातील डोंगरउतारावरील वरकस जमीन वेगळी धरली जाई.

कोरडवाहू शेतीच्या जाणकारास या कोष्टकातील शहाणपण लगेच पटेल. देशावर पाऊस थोडा व लहरी. रब्बी ज्वारीला थंडीत पाऊस मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीने जो ओलावा साठविला असेल त्यावरच कणीस भरावयाचे असते. हा साठा मातीच्या बारीकपणावर व खोलीवर अवलंबून असतो. रासायनिक पृथक्करणाची साधने हाताशी नसताना पहार व हात यांच्या मापाने जमिनीचा मगदूर इतक्या जवळ जाऊन ओळखणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता दोन भावांच्या नंबराकडे वळू. मूळ प्रतबंदीच्या वेळी लागवडीच्या चार एकरांचे अर्ध्या-अर्ध्या एकराचे आठ भाग पाडले होते असे धरू. पहिला भाग काळा, पावणेदोन हात खोल: १६ आणे. दुसरा काळा, दीड हात: १४. तिसरा तितकाच खोल, परंतु चुनखडीचा दोष असल्यामुळे एक प्रत खाली: १२. चौथा काळा, एक हात: १०. पाचव्यापासून माती तांबूस होते. एक हात खोलीला ८ आणे. सहावा पाऊण हात: ६. सातवा अर्धा हात, शिवाय उतार, म्हणून आठवी प्रत: ३ आणे. आठवा मुरमाड, अर्धा हात: ३ आणे. बेरीज ७२ आणे. आठांनी भागता नंबराची सरासरी किंमत ९ आणे. गटाचा कमाल दर, म्हणजे सोळा आणे जमिनीचा दर, एकरी २ रुपये असेल तर नऊ आणे जमिनीस एकरी १ रुपया २ आणे, आणि चार एकरांस ४ रुपये ८ आणे. हेच आजचे ४ रुपये ५० पैसे होत. पोटखराब्यावर आकार बसत नाही, म्हणून वीस गुंठे हिशोबात आले नाहीत.

वाटणीत थोरल्याने वरचे चार भाग घेतले. त्यांची बेरीज ५२ आणे. धाकट्याकडे खालचे चार आले. त्यांची बेरीज २० आणे. साडेचार रुपये ५२ व २० या प्रमाणात फोडले की ३ रुपये २५ पैसे व १ रुपया २५ पैसे येतात. हिशोबात चूक नाही. क्षेत्राच्या प्रमाणात आकारफोड केली असती तर दोघांना सव्वादोन-सव्वादोन रुपये आले असते. ते करावयास सोपे आहे व पुष्कळदा तसे केलेही जाते. पण मग धाकट्याने मुरमाड जमिनीवर काळ्या जमिनीचा सारा भरला असता. खरे पाहता तक्रारीला जागा थोरल्याला नाहीच. सारखे एकर म्हणजे सारखी वाटणी नव्हे, आणि धाकट्याला किती कमी मिळाले हे जुन्या प्रतबंदीने आण्यांत सांगून ठेवले आहे.

तथापि हे आणे आजच्या उत्पन्नाचे माप समजू नयेत. पुढील फेरजमाबंद्यांत बहुधा प्रती कायम ठेवून केवळ दर बदलले गेले, आणि उताऱ्यावरील आकार बहुतेक ठिकाणी स्वातंत्र्यापूर्वीच्या जमाबंदीवर आधारलेला आहे. मधल्या काळात जमीन बदलली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झाल्यानंतर त्या खोऱ्यातील खोल काळ्या जमिनींत निचऱ्याअभावी क्षार वर आले. १९१० साली मान व तांबे नव्हे, तर मान व ताम्हाणे या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. जी खोली कोरडवाहूत गुण होती, तीच पाटाखाली दोष ठरली. उलट सोलापूरकडील हलक्या मुरमाड रानांत ठिबकावर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. म्हणून खताची मात्रा ठरविताना आकार पाहू नये. माती तपासून घ्यावी.

जमिनीचे आणे आणि पिकाची आणेवारी (आता पैसेवारी) यांचीही गल्लत होते. पहिले कायमचे, जमिनीच्या मगदुराचे. दुसरी दर हंगामाची, पीककापणीच्या प्रयोगांवरून गावासाठी ठरणारी. अंतिम पैसेवारी ५० पैशांहून कमी आली म्हणजे त्या गावास जमीन महसुलात सवलत मिळते. परंतु त्यामुळे उताऱ्यावरील आकार बदलत नाही.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर दर वाढविताना काय होऊ शकते, हे बारडोलीने दाखविले. गुजरातमधील हा तालुका तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तेथे सुमारे बावीस टक्के वाढ मंजूर झाली. १९२८ साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा रोखून धरला. अखेर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमावी लागली. ते गावोगाव फिरले, खंडाचे व्यवहार एकेक करून तपासले आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांहून अधिक समर्थनीय नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मूळ अंदाज ज्या खंडांच्या आकड्यांवर उभा होता, त्यांची गावात जाऊन नीट शहानिशाच झालेली नव्हती! पुढे १९३९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जमाबंदीच्या मर्यादा कायद्यातच घातल्या गेल्या. १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात असलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सोळा आणे जमिनीचा प्रमाण दर सरासरी उत्पन्नाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या मूल्याशी जोडला आहे. जमाबंदीची मुदत तीस वर्षेच आहे. शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांच्या आधारे सारा वाढवू नये, हे तत्त्व १८७९ च्या जमीन महसूल कायद्यापासून चालत आले आहे. पोटखराब्याच्या बाबतीत २०१८ च्या दुरुस्तीने एक सोय झाली: वर्ग ‘अ’ चा पोटखराबा शेतकऱ्याने लागवडीस आणला असेल तर त्याची नोंद लागवडयोग्य क्षेत्रात होऊन त्यावर आकार बसू शकतो. रस्ता, ओढा, तळे अशा सार्वजनिक उपयोगाच्या वर्ग ‘ब’ ला ही सोय नाही.

आपल्या नंबराची मूळ प्रतबंदी पाहावयाची असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात प्रतिबुकाच्या नकलेसाठी अर्ज करावा. जुनी बुके काही ठिकाणी जीर्ण झाली आहेत व ती मोडीत असतील तर वाचणारा शोधावा लागतो. वाटणी व्हावयाची असेल तर केवळ बुकावर विसंबू नये; सर्व हिस्सेदारांसमक्ष नंबराच्या प्रत्येक भागात एक खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे व कागदावर लिहून ठेवावे. हे काम उन्हाळ्यात, नांगरटीपूर्वी करावे. पावसाळ्यात काळ्या रानात खड्डा पाण्याने भरतो आणि माती कोठे संपली ते नीट कळत नाही.