दुसऱ्याची अडगळ आणि अडत्याचा नफा



दिवाळीच्या साफसफाईत आम्ही माळ्यावरची अडगळ खाली काढली. एक पोचा आलेलं तांब्याचं घंगाळ, दोन पितळी समया, आजोबांचा नक्षीचा अडकित्ता आणि जुन्या ऑइल इंजिनाचे काही भाग निघाले. दारावर भंगारवाला आलाच होता. ताजव्यात घातले, किलोचा भाव लावला, पैसे मोजून घेतले, झालं! पुढे भाचा पुण्याहून आला. त्याने मोबाईलवर अगदी तसलाच अडकित्ता परदेशात लिलावाला लागलेला दाखवला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हा किलोवर घातलात?" तिथे बोली चालली होती डॉलरमध्ये. आम्ही गप्प बसलो.

दुसऱ्याला नको असलेली वस्तू घेऊन ती विकणे हा धंदा आपल्याकडे नवा नव्हे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हेच करीत आली. फरक एवढाच की, आता गिऱ्हाईक गल्लीतले नसून जगभरचे असते. अमेरिकेत १९९५ साली पियरे ओमिड्यार यांनी इंटरनेटवर लिलावाचे एक संकेतस्थळ काढले. त्यावर सुरुवातीलाच विकली गेलेली एक वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर. मोडका आहे हे सांगूनही त्याला १४.८३ डॉलर आले! तेच संकेतस्थळ पुढे ईबे नावाने प्रसिद्ध झाले.

या लिलावाची रीत गूळ सौद्यावर नेणाऱ्या सभासदांना चटकन समजेल. पूर्वी काही बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. इथे तो रुमाल यंत्राने धरलेला असतो. समजा, एकाने मनाशी पाचशे रुपये कमाल भाव ठरवला आणि दुसऱ्याने आठशे. दोघेही आपापला आकडा गुपचूप यंत्राला सांगतात. यंत्र दोघांच्या वतीने बोली चढवत नेते आणि भाव पाचशेच्या थोडा वर जाऊन थांबतो. आठशेवाल्याचे उरलेले पैसे वाचतात. म्हणजे विकणाऱ्याला भाव मिळतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या गरजवंतामुळे. गिऱ्हाईक एकच असेल, तर सुरुवातीच्या बोलीवरच माल जातो. म्हणून सगळी मेहनत दुसरे गिऱ्हाईक आणण्याची. चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, माप आणि वजन द्यायचे, शिक्का किंवा नाव कोरले असेल तर ते दाखवायचे आणि पोचा असेल तर तोही लपवायचा नाही.

ही मेहनत सगळ्यांना जमत नाही, आणि तिथेच अडत्या उभा राहतो. २००३ च्या सुमारास अमेरिकेत याची खास दुकानेच निघाली. वस्तू त्यांच्याकडे टाकून यायची. फोटो, वर्णन, बांधणी, टपाल सगळे ते पाहणार. लहान वस्तूवर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत अडत असे, संकेतस्थळाचे शुल्क बहुधा वेगळे. आपल्याकडच्या अडतीला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा वाचून घ्यावा! तरीही यातली बरीचशी दुकाने काही वर्षांतच बंद पडली. कारण असे की, वीस डॉलरच्या वस्तूला फोटो आणि बांधणीचा जेवढा वेळ लागतो, तेवढाच दोनशेच्या वस्तूला. लोक मात्र आणून टाकतात वीसवाल्याच. टिकायचे तर एखाद्या मालाची पारख हवी: कुणाला घड्याळांची, कुणाला जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांची.

भारतात ईबेने २००४ साली बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ विकत घेऊन प्रवेश केला होता. २०१८ मध्ये ती भारतीय सेवा बंद झाली. आता आपल्या भागात जुना ट्रॅक्टर नाहीतर पंप मोबाईलवर टाकून विकतात, पण तो लिलाव नव्हे, घासाघीस आहे. गावातल्या एखाद्या हुशार पोराने चार घरचा माल अडतीवर विकायला घेतला, तर आमचे काही म्हणणे नाही. मात्र माल देताना अडत किती, कमीत कमी कितीला सोडायचा, टपालखर्च कोणाचा आणि न विकल्यास परत कधी, एवढे कागदावर घ्यावे. नातेवाईक असला तरी घ्यावे. किंबहुना नातेवाईक असला तर आधी घ्यावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव काम, कलाकुसरीची वस्तू अशा चिजा खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षेच पुरतात. तेव्हा देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती कोणी "बाहेर पाठवतो, चांगले पैसे येतील" म्हणून मागितली, तर त्याला परवाना विचारावा. मोडीतले कागद रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवून घ्यावेत. अडकित्त्यांचे म्हणाल, तर पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात ते मांडून ठेवलेले आहेत. आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. आमच्यासारखा एक होता.

आमच्या घरी आता माळ्यावर काही नाही. खाली परड्यात दगडी उखळ तेवढे उरले आहे. भंगारवाल्याने ते दोनदा हलवून पाहिले आणि तसाच निघून गेला.