मिलिंग कटर: दाते किती, फेरे किती?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडला असेल, तर ‘आज कटर तुटला’ हे तुम्ही ऐकलंच असेल. पुष्कळदा चूक हाताची नसते, निवडीची असते.

कटर निवडताना आधी धातू बघा. ॲल्युमिनियमची चिप मऊ आणि चिकट असते. चार दात्यांच्या एंड मिलमध्ये तिला बाहेर पडायला जागा कमी मिळते. ती खाचेत चिकटून बसते आणि कटर मोडतो. म्हणून ॲल्युमिनियमला दोन किंवा तीन दाते, माइल्ड स्टीलला साधारणपणे चार.

मग फेरे ठरवा. कटिंग स्पीडला १००० ने गुणा आणि ३.१४ × व्यास (मिमी) याने भागा. माइल्ड स्टीलवर एचएसएस कटरचा स्पीड मिनिटाला २५ मीटर धरला, तर १० मिमी कटरला सुमारे ८०० आरपीएम, २० मिमीला ४००. व्यास दुप्पट, फेरे निम्मे!

आणि एक पक्कं शिकवा: डोळ्यांवर गॉगल हवाच, फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत. चिप्स झाडायच्या त्या मशीन थांबवून आणि ब्रशनेच. कटर नवा आणता येतो, बोट नाही.