धंदेवाईक खेळाडू आणि विद्यापीठीय स्त्री-फुटबॉल : क्लाइव्ह चार्ल्स यांचे पोर्टलंड येथील कार्य

अमेरिकेत पुरुषांच्या फुटबॉलच्या दृष्टीने विद्यापीठ ही एक आडवाट आहे. स्त्रियांच्या फुटबॉलच्या दृष्टीने मात्र तोच दीर्घकाळ एकमेव राजमार्ग होता. इतर देशांत होतकरू मुलगा पंधरासोळाव्या वर्षी एखाद्या क्लबात उमेदवारी करू लागतो. मुलीला अशी उमेदवारी कोठेच उपलब्ध नव्हती. अशा स्थितीत क्लबाच्या उमेदवारीतून तयार झालेला एक खेळाडू विद्यापीठात शिक्षक म्हणून आला असता काय घडते, हा प्रश्न क्रीडाशिक्षणाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. क्लाइव्ह चार्ल्स यांचे जीवन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेत ज्याला ‘सॉकर’ म्हणतात तो खेळ अभिप्रेत आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने शिक्षणविषयक कायद्यात एक कलम घातले. त्याचा क्रमांक नववा म्हणून ते ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखले जाते. संघराज्य सरकारचे द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्रीपुरुष असा भेद करू नये, एवढाच त्याचा आशय. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. तथापि शिष्यवृत्त्या, मैदाने व प्रशिक्षक यांनाही ते लागू पडते, असा अर्थ पुढे रूढ झाला आणि विद्यापीठांतून स्त्रियांचे संघ झपाट्याने निघू लागले. विद्यापीठीय क्रीडामंडळाची स्त्रियांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. पहिल्या तेरा स्पर्धांपैकी बारा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकल्या. संघ निघाले, पण त्यांना शिकवणारी अनुभवी माणसे थोडी होती, हे त्या काळाचे मुख्य वैगुण्य होते.

चार्ल्स यांचा जन्म १९५१ साली लंडनच्या पूर्व भागात झाला. वडील बंधू जॉन यांच्या मागोमाग ते वेस्ट हॅम युनायटेड या क्लबात शिरले आणि डाव्या बगलेचे रक्षक म्हणून खेळू लागले. १ एप्रिल १९७२ रोजी टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात क्लाइड बेस्ट, एड कोकर आणि चार्ल्स असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू वेस्ट हॅमच्या संघात एकत्र उतरले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. पुढे कार्डिफ सिटी या क्लबात काही वर्षे काढून १९७८ मध्ये ते पोर्टलंड टिंबर्स या अमेरिकन संघात आले. टिंबर्स १९८२ मध्ये बंद पडला आणि ज्या साखळी स्पर्धेत तो खेळत असे, ती स्पर्धाही १९८४ च्या हंगामानंतर संपुष्टात आली. अनेक परदेशी खेळाडू स्वदेशी परतले. चार्ल्स पोर्टलंडमध्येच राहिले व शालेय मुलांना शिकवू लागले.

येथे एक विरोधाभास नोंदविणे अगत्याचे आहे. ज्या देशात चार्ल्स हा खेळ शिकले, तेथील फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली होती व ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. म्हणजे चार्ल्स यांनी जी विद्या पुढे मुलींना दिली, तिच्या मूळ घराचे दार त्यांच्या उमेदवारीच्या काळात मुलींना बंद होते.

ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड विद्यापीठ ही १९०१ मध्ये स्थापन झालेली एक लहान कॅथलिक संस्था. १९८६ मध्ये तिने पुरुषांचा संघ चार्ल्स यांच्या स्वाधीन केला आणि १९८९ मध्ये स्त्रियांचा संघही त्यांच्याकडेच सोपविला. तेव्हापासून २००२ च्या हंगामापर्यंत ते दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक होते. ही योजना काटकसरीची खरी. परंतु तिचा शैक्षणिक परिणाम मोठा झाला. स्त्रियांसाठी सौम्य केलेला असा काही निराळा खेळ तेथे उरला नाही. जो माणूस सकाळी मुलांना शिकवी, तोच मुलींनाही शिकवी. चेंडू ताब्यात ठेवणे, जागा हेरणे व सहकाऱ्याची हालचाल आधीच ओळखणे यांचे नियम दोघांना एकच होते. पुरुषांचा संघ १९८८ व १९९५ मध्ये, तर स्त्रियांचा संघ १९९४ पासून अनेकदा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत पोहोचला, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

क्लबातील उमेदवारी आणि विद्यापीठातील शिक्षण यांत मूलभूत अंतर आहे. क्लबात उमेदवार वर्षभर खेळतो आणि नापसंत ठरल्यास त्याला निरोप मिळतो. विद्यापीठात विद्यार्थिनीला चारच हंगाम मिळतात. मुख्य हंगाम शरद ऋतूपुरता असतो. सरावाच्या तासांवर मर्यादा असते आणि अभ्यासक्रम पुरा करावाच लागतो. म्हणून धंदेवाईक खेळाडूला आपली विद्या जशीच्या तशी येथे ओतता येत नाही. तिच्यातील सार निवडून ते थोड्या काळात रुजवावे लागते. धंदेवाईक अनुभव असल्याखेरीज हे साधतच नाही, असा मात्र निष्कर्ष काढू नये. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स हे धंदेवाईक खेळाडू नव्हते. अनुभव हे भांडवल आहे. त्याचा विनियोग ही स्वतंत्र विद्या आहे.

चार्ल्स यांनी तो विनियोग कसा केला, हे त्यांच्या विद्यार्थिनींवरून कळते. टिफनी मिलब्रेट यांनी विद्यापीठीय कारकीर्दीत १०३ गोल करून मिया हॅम यांच्या तत्कालीन उच्चांकाशी बरोबरी केली. शॅनन मॅकमिलन त्यांच्याच संघातल्या. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा फुटबॉल प्रथमच खेळला गेला. उपान्त्य सामन्यात नॉर्वेविरुद्ध जादा वेळेतील निर्णायक गोल मॅकमिलन यांनी केला. अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनवर २–१ असा विजय मिळविला. त्यातील पहिला गोल मॅकमिलन यांचा आणि दुसरा मिलब्रेट यांचा होता. एका लहान विद्यापीठात एकाच शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या दोघींनी देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

विद्यापीठाला स्वतःचे अजिंक्यपद मात्र सहजी मिळाले नाही. १९९५ च्या अंतिम सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाने तिसऱ्या जादा डावात पोर्टलंडचा १–० असा पराभव केला. २००० साली चार्ल्स अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक म्हणून सिडनी ऑलिंपिकला गेले व संघ चौथा आला. त्याच वर्षी त्यांना पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. आजारपणातही त्यांनी शिकवणे सोडले नाही. डिसेंबर २००२ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे पोर्टलंडची गाठ सांता क्लारा विद्यापीठाशी पडली. जादा वेळेत प्रथम गोल करणारा संघ विजयी, असा तेव्हा नियम होता. कॅनडाच्या क्रिस्टिन सिंक्लेअर यांनी पोर्टलंडचे दोन्ही गोल केले आणि सामना २–१ असा जिंकला. कोणत्याही खेळातील विद्यापीठाचे हे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. पुढील वर्षी २६ ऑगस्टला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, चार्ल्स निवर्तले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच अमेरिकेतील स्त्रियांच्या पहिल्या धंदेवाईक साखळी स्पर्धेने आपले कार्य स्थगित केले. ती २००१ मध्येच सुरू झाली होती. विद्यापीठाचा राजमार्ग पुन्हा एकदा एकमेव ठरला.

या यशाची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. १९७२ पूर्वी विद्यापीठांतील स्त्रियांच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवीत. कायद्यामुळे पदांना वेतन व प्रतिष्ठा लाभली आणि पुरुष त्यांकडे वळले. पुढे स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली गेले. म्हणजे ज्या कायद्याने मुलींना मैदान दिले, त्याच्याच ओघात शिक्षिकेची जागा आकुंचित झाली. चार्ल्स यांच्यासारख्याची गुणवत्ता निर्विवाद असली, तरी जो अनुभव पात्रता म्हणून मानला गेला, तो मिळविण्याची संधी त्या काळी केवळ पुरुषालाच होती, हे विसरता येत नाही.

या दृष्टीने पोर्टलंडचा पुढील इतिहास महत्त्वाचा आहे. चार्ल्स यांच्यानंतर त्यांचे साहाय्यक गॅरेट स्मिथ यांनी स्त्रियांचा संघ सांभाळला व २००५ मध्ये अपराजित राहून दुसरे अजिंक्यपद मिळविले. सिंक्लेअर यांनी पुढे कॅनडाकडून १९० आंतरराष्ट्रीय गोल केले. तेवढे तोवर कोणाही पुरुषाने वा स्त्रीने केले नव्हते. २०१८ च्या हंगामापासून संघाची सूत्रे मिशेल फ्रेंच यांच्याकडे आली. त्या १९९० च्या दशकात चार्ल्स यांच्या विद्यार्थिनी होत्या आणि २००१ ते २००३ या अल्पायुषी साखळी स्पर्धेत वॉशिंग्टनच्या संघातून खेळल्या होत्या. धंदेवाईक खेळाडूने विद्यापीठात येऊन मुलींना शिकवावे, ही परंपरा येथेही कायम राहिली. फरक एवढाच की धंदेवाईक खेळाचा अनुभव या वेळी शिक्षिकेचा स्वतःचा होता.